एवाल्ड वेसेलिंगचे खरे तास

कोसफेल्ड गावात एवाल्ड वेसेलिंगबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधूनही सापडला नसता. कौतुक करणाराही फारसा सापडला नसता, पण ती गोष्ट वेगळी. निवृत्त होईपर्यंत त्याने कोसफेल्ड ते म्युन्स्टर बस चालवली. बस कधी एक मिनिट आधी सुटली नाही, एक मिनिट उशिराही नाही. एखादी बाई पिशव्या सावरत धावत येताना आरशात दिसत असली, तरी वेळ झाली की हा दार लावून निघायचा. "वेळ म्हणजे वेळ," एवढंच म्हणायचा. लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि त्याच दमात म्हणायचे, माणूस मात्र सरळ आहे हो. सरळपणाचं आमच्या मुलखात फार कौतुक. त्या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं, हे कोणी उचलून बघत नाही.

या सरळ माणसाला एकच वेड होतं, विमानाचं. खऱ्या विमानात तो उभ्या आयुष्यात दोन-तीनदा बसला असेल, आणि प्रत्येक वेळी खिडकीची जागा त्याने बायकोकडून, आग्नेसकडून, मागून घेतली होती. त्याचं उडणं चालायचं तळघरात. तिथे एक जुना संगणक, टेबलाला स्क्रूने आवळलेला विमानाचा दांडा, पायाखाली दोन पेडलं आणि वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला एक सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा कार्यक्रम. चार सीडींवर आलेला. त्यातले ढग कापसाच्या बोळ्यांसारखे होते आणि आल्प्स पर्वत दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखा. एवाल्डला त्याचं काही वाटत नसे. काटे बरोबर फिरतात ना, मग झालं.

हे वेड त्याचं एकट्याचंही नव्हतं. आमच्याकडे तीन माणसांना एकच छंद असला की चौथ्या दिवशी त्यांचं मंडळ होतं, पाचव्या दिवशी त्याची घटना लिहिली जाते आणि सहाव्या दिवशी दोघांचं खजिनदारपदावरून वाजतं. तसं हे 'वेस्टविंड' मंडळ. नावाने विमान कंपनी. तिला वेळापत्रक होतं, हुद्दे होते, वार्षिक सर्वसाधारण सभा होती, फक्त विमानं नव्हती. प्रत्येकाने आपापल्या घरी संगणकापुढे बसायचं आणि वेळापत्रकाप्रमाणे पाल्मा, लिस्बन, कैरो करून यायचं. सभेला पांढरा शर्ट आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या. याला कोणी खेळ म्हटलं की आजोबा झालेली माणसं लहान मुलांसारखी रुसायची.

मंडळाच्या घटनेत एक कलम सगळ्यांत पवित्र होतं. खऱ्या विमानाला जेवढा वेळ लागतो तेवढाच आपल्याला लागला पाहिजे. सिम्युलेटरमध्ये वेळ पळवायची सोय असते, ती वापरायची नाही. पॉजचं बटण असतं, ते दाबायचं नाही. लघवी लागली तर विमान आपोआप उडत ठेवून पळत जायचं आणि पळत यायचं. उतरल्यावर विमान नेऊन जागेवर लावायचं, इंजिनं बंद करायची, तेव्हा कुठे ते तास तुमच्या नावावर. एकदा जरी थांबवलं, तरी सगळी खेप बाद. बाकीचे या नियमाला अधूनमधून हळूच बगल देत असणार, माणसंच ती. एवाल्डने कधी दिली नाही. त्याचे तास मंडळात सर्वांत जास्त होते आणि ते सगळे खरे होते. आयुष्यात कशाचा अभिमान आहे, असं त्याला कोणी विचारलं असतं, तर त्याने पोरीच्या आधी हे तास सांगितले असते.

सुरुवातीच्या वर्षांत आग्नेस त्याला खाली ट्रे नेऊन द्यायची. काळ्या पावावर लोणी, चीज, थर्मासमध्ये कॉफी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून नाटकी आवाजात म्हणायची, "साहेब, चिकन घेणार की पास्ता?" तो मागे न वळता म्हणायचा, "आग्नेस, मी ढगात आहे." पुढे पुढे ती ट्रे ठेवून गप्प वर जाऊ लागली.

चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारी एवाल्ड ड्युसेलडॉर्फहून मदेइरा बेटावर चालला होता. मदेइराची धावपट्टी म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि शेवटच्या क्षणी विमान वळवून उतरवायचं. तो वळणावर असताना डोक्यावर, स्वयंपाकघरात, काहीतरी धप्पकन पडलं. पातेलं असेल, तो मनाशी म्हणाला. मग हाक आली. पुन्हा एक आली, पहिलीपेक्षा जाड आणि वेडीवाकडी. मग लाकूड आपटल्याचा आवाज. त्याची नजर पॉजच्या बटणाकडे गेली, हे खरं आहे. तिथून ती परत धावपट्टीकडे आली, हेही खरं आहे. उतरतोच आहे, झालंच, असं म्हणत त्याने विमान टेकवलं, जागेवर नेऊन लावलं, इंजिनं बंद केली आणि मग वर गेला.

आग्नेसला पक्षाघाताचा झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी मिनिटामिनिटाचा फरक पडतो, तुम्हाला कळलं कधी? एवाल्डच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या कानाला हेडफोन होते." डॉक्टरने मान हलवली. मग तेच त्याने मुलीला, लिओबाला, सांगितलं. शेजारणीला सांगितलं, पाद्रीबाबाला सांगितलं, बेकरीच्या रांगेत ओळखीच्या माणसांना सांगितलं. चौकशी करायला घरी कोणी आलं की आग्नेससमोर सांगितलं. शेवटी शेवटी तर सांगताना त्याचा हात आपसूक कानाकडे जाऊ लागला.

आग्नेस वाचली, पण उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं तुटलं. शब्द डोक्यात असायचे, जिभेवर यायला मात्र वेळ लावायचे. एवाल्डने तिचं सगळं केलं. गोळ्या घड्याळाच्या ठोक्यावर, व्यायाम ठोक्यावर, फिरायला नेणं ठोक्यावर. गाव म्हणालं, देवमाणूस आहे. ती दुपारी झोपली की देवमाणूस जिना उतरून खाली जायचा.

मग गेल्या शरदात त्याचा जुना संगणक एकदाचा बसला. आतून जळका वास आला आणि पडदा काळा. एवाल्डच्या तोंडचं पाणी पळालं, कारण वसंतात मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती आणि ज्याचे तास सर्वांत जास्त त्याला सभेत मानद कॅप्टन करायचं ठरलं होतं. लिओबा पाडरबोर्नहून आली आणि नवऱ्याच्या ऑफिसातला चांगला नवाकोरा संगणक आणि भलामोठा मॉनिटर ठेवून गेली.

"पपा, आता नवा सिम्युलेटरही घ्या," ती म्हणाली. "त्यात आपलं घरसुद्धा दिसतं म्हणे वरून."

"मला घर बघायचं नाहीये. विमान उडवायचंय."

"कधीतरी घर बघायला काय हरकत आहे?" लिओबा म्हणाली आणि आईच्या खोलीत गेली.

नव्या संगणकाला सीडी घालायची फटच नव्हती. एवाल्डने वेगळा सीडी-वाचक आणला. सीडी फिरली, घरघरली आणि संगणक म्हणाला, हा कार्यक्रम धोकादायक आहे. जुन्या सीडींवर नक्कल होऊ नये म्हणून एक कुलूप असायचं. नव्या संगणकाला त्या कुलपाचाच संशय येत होता. एवाल्ड आठवडेच्या आठवडे खाली बसून राहिला. इंटरनेटवर हौशी लोकांच्या चर्चेत साल्झबर्गच्या एका गृहस्थाने त्याला उपाय सांगितला, एक छोटी फाइल धाडली, 'जुन्या पद्धतीने चालवा' अशी एक चौकट शोधून तिथे खूण करायला लावली. एका दुपारी काळ्या पडद्यावर ती ओळखीची धावपट्टी उमटली, कापसाच्या ढगांसकट.

"आग्नेस!" तो खालून ओरडला. "उठलं! उठलं विमान!"

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "छान."

विमान उठलं खरं, पण पहिल्यासारखं हाताला लागेना. उतरताना धावपट्टी अंगावर यायची, दांडा मागे घेईपर्यंत चाकं आदळायची. एवाल्डला वाटलं, आपलेच हात म्हातारे झाले. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, फक्त दुप्पट सराव सुरू केला. चार तास उडून तेनेरीफ बेटावर पोचल्यावरही थर्मासमधली कॉफी अजून कडकडीत असायची. त्याला वाटलं, थर्मास चांगला आहे. तळघरात भिंतीवरचं घड्याळ त्याने कधीच काढून टाकलं होतं. वैमानिकाने विमानातलंच घड्याळ बघायचं असतं.

त्याचे हात ठीक होते. भानगड यंत्राची होती. तो सिम्युलेटर लिहिणाऱ्यांनी त्या काळी असं केलं होतं की पडद्यावर एक चित्र रंगलं की आतलं घड्याळ एक घर पुढे सरकायचं. जुना पडदा संथपणे चित्रं रंगवायचा, तेव्हा हिशेब बरोबर जमायचा. जावयाचा मॉनिटर जलद होता, तो जास्त चित्रं रंगवायचा, आणि घड्याळ पळत सुटायचं. चार तासांचा प्रवास सव्वातीन तासांत उरकत होता आणि विमानातलं घड्याळ मात्र चार तासच दाखवत होतं. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एवाल्डला नाही, मंडळालाही नाही.

मंडळाचं तांत्रिक काम बघायचा विनफ्रीड ओसेनबेर्ग. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, तासांच्या यादीत एवाल्डच्या खालोखाल. आयुष्यभर दुसऱ्या नंबरावर राहिलेल्या माणसाची नजर पहिल्याच्या पाठीवर असते, तशी त्याची होती. एवाल्डचा जुना संगणक इंटरनेटला जोडलेला नव्हता, त्यामुळे तो आपले तास तोंडी कळवायचा आणि त्याच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास होता. नवा संगणक आल्यावर विनफ्रीडने स्वतः येऊन त्यावर मंडळाची, प्रत्येक खेपेचा खरा वेळ मोजणारी नोंदणी बसवून दिली, आग्नेसच्या हातची कॉफी पिऊन गेला आणि दोन महिन्यांनी अध्यक्षांना कळवलं: वेसेलिंग वेळ पळवतो. आता पळवतो म्हणजे आधीही पळवत असणार. वीस वर्षांचे तास बोगस.

अध्यक्ष होते नोर्बर्ट हॉल्टकाम्प. सेव्हिंग बँकेतून निवृत्त. एवाल्डचा जुना दोस्त. आमच्याकडे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायला वर्षं लागतात, आणि ते धान्याच्या दारूचा पेला पेल्यावर आपटून रीतसर करावं लागतं. या दोघांनी ते केव्हाच केलं होतं. तर त्या नोर्बर्टचं पत्र आलं: "आदरणीय श्री. वेसेलिंग, आपल्याविरुद्ध गंभीर स्वरूपाची तक्रार प्राप्त झाली असून वार्षिक सभेत त्याची शहानिशा होईल. आरोप सिद्ध झाल्यास आपलं सदस्यत्व रद्द होऊ शकतं."

एवाल्डने तिथल्या तिथे फोन लावला. "नोर्बर्ट, हे काय लिहिलंयस?"

"मी अध्यक्ष म्हणून लिहिलंय, श्री. वेसेलिंग. प्रकरण मिटेपर्यंत तुम्ही आणि मी जरा अंतर ठेवलेलं बरं."

"तुम्ही? अरे, परवा माझ्या बागेतला कोबी घेऊन गेलास ना तू?"

"कोबीचा इथे संबंध नाही."

फोन ठेवल्यावर एवाल्ड खुर्चीत बसला तो उठलाच नाही. चोर म्हणा, कंजूष म्हणा, बायकोच्या जिवावर जगतो म्हणा, त्याने खांदे उडवले असते. खोटारडा म्हटलेलं त्याला सोसेना. तो जेवण टाळू लागला. बेकरीत जाईना. लोक काही बोलत नव्हते, पण न बोलणंही त्याला ऐकू येत होतं.

शेवटी चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. त्याने स्वयंपाकघरातलं अंडी उकडताना लावायचं घड्याळ खाली नेलं आणि विमानातल्या घड्याळाशेजारी ठेवलं. बघतो तर विमानातलं पुढे पळतंय! तो धापा टाकत वर आला.

"सापडला चोर! आग्नेस, यंत्रच पळतंय! माझं काही नाही, यंत्राचं आहे!"

आग्नेस डाव्या हाताने बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. "मग… दाखव… त्यांना," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी… येते. केक… करते."

"तू कशाला? तुला बसवत नाही तितका वेळ."

"येते," आग्नेस म्हणाली.

सभा शनिवारी दुपारी, चर्चच्या सभागृहात. त्यांच्या छोट्या गाडीत आग्नेसचा चाकांचा वॉकर, केकचा ट्रे आणि संगणक एवढंच मावलं. मॉनिटर राहिला. एवाल्ड म्हणाला, पडदा काय, तिथे प्रोजेक्टर आहेच.

आग्नेस मागच्या बाजूला, केकच्या टेबलाशी, इतर बायकांमध्ये बसली. पुढे वीसेक पांढरे शर्ट. खजिनदाराचा अहवाल झाला, मृत सदस्यांसाठी उभं राहणं झालं आणि उन्हाळी सहलीच्या आधीचा विषय आला: वेसेलिंग प्रकरण. विनफ्रीडने उठून आकडे वाचले. मग एवाल्ड उठला. चेहऱ्यावर खात्री होती.

"मी वाद घालणार नाही," तो म्हणाला. "यंत्र नादुरुस्त आहे. आतलं घड्याळ पळतं. तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो."

संगणक जोडला. भिंतीवर कापसाचे ढग आले. नोर्बर्टने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सगळ्या सभेने दोन्ही घड्याळांकडे बघितलं. दोन्ही पावलाला पाऊल लावून चालली होती. सेकंदाचाही फरक नाही. सभागृहातला म्हातारा प्रोजेक्टर संथ होता. तो जुन्या पडद्याइतकीच चित्रं रंगवत होता, आणि त्याच्यापुढे सिम्युलेटर अगदी शहाण्यासारखा वागत होता. पण हे कळायला पुढे कितीतरी महिने गेले.

"यंत्र पळतं म्हणे!" विनफ्रीड म्हणाला. "इथे तर माझ्या बायकोपेक्षा शिस्तीत चाललंय."

लोक हसले. केकच्या टेबलावरून विनफ्रीडची बायको म्हणाली, "घरी ये तू!" आणि लोक पुन्हा हसले.

"घरी पळत होतं," एवाल्ड म्हणाला. "देवाशपथ. अंड्यांच्या घड्याळाशी लावून बघितलं मी."

"अंड्यांच्या घड्याळाशी," विनफ्रीड म्हणाला. "आणि बघायला कोण होतं?"

"मी होतो!"

"म्हणजे कोणी नाही."

"श्री. वेसेलिंग," नोर्बर्ट कागदात बघत म्हणाला, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

एवाल्डने सभेकडे बघितलं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर बसला, ती माणसं चष्मे पुसत होती. त्याचा आवाज चढला. "मी कधी वेळ पळवली नाही! कधी थांबवलं नाही! एकदाही नाही! आग्नेसला विचारा. माझ्या डोक्यावरच तर राहते ती. विचारा तिला, हा माणूस फसवतो का?"

सगळ्या माना मागे वळल्या. चिटणीसाने हळूच आठवण करून दिली की घटनेप्रमाणे सभासद नसलेल्यांना बोलायचा अधिकार नाही. मग आग्नेस वेसेलिंगला बोलू द्यावं का यावर हात वर झाले. बहुमत झालं. आमची माणसं बुडत्याला दोर टाकतानाही आधी ठराव मांडतील.

आग्नेस वॉकरला धरून उभी राहिली.

"मला… विमानातलं… कळत नाही," ती म्हणाली. "पण हा… थांबवत नाही. ते… खरं आहे."

एवाल्डने सुटकेचा श्वास टाकला. ती खाली बसली असती, तर बरं झालं असतं.

"चार वर्षांपूर्वी… मी पडले. स्वयंपाकघरात. फरशीवर… होते. हाक मारली. दोनदा. मग तोंड… चालेना. मग पायाने… कपाटाचं दार… आपटलं."

"आग्नेस," एवाल्ड म्हणाला, "माझ्या कानाला हेड—"

"नव्हते."

हा शब्द अजिबात अडखळला नाही.

"खालचा आवाज… वर येत होता. सगळा. ते यंत्र… उंचीचे आकडे म्हणतं… उतरताना." आणि आकडे तिला सरळ आले. "पन्नास. चाळीस. तीस. वीस. दहा. मग चाकं… टेकली. मला वाटलं… आता येईल." तिने श्वास घेतला. कोणीही तिला शब्द पुरवायला धजेना. "पण मग… विमान… नेऊन लावायचं असतं ना. जागेवर. ते… लावलं. मग एक इंजिन… बंद झालं. मग… दुसरं. मग… जिना वाजला."



"तेव्हा… नाही थांबवलं," आग्नेस म्हणाली. "मग तुमच्या… तासांसाठी… हा कशाला… फसवेल? लिहून घ्या."

चिटणीसाचं पेन कागदाच्या वर अधांतरी राहिलं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं. "हे… इतिवृत्तात घ्यायचं का?"

"सारांश," नोर्बर्ट घसा साफ करत म्हणाला. "सारांश घ्या. साक्षीदाराने पुष्टी दिली, असं."

विनफ्रीड बसल्या जागेवरून म्हणाला की तो तक्रार मागे घेतो. त्याने मान वर केली नाही. ठराव मांडला गेला: एवाल्ड वेसेलिंग यांचे सर्व तास खरे धरण्यात यावेत. सगळे हात वर गेले. एकही विरोधात नाही, एकही तटस्थ नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांऐवजी कोणीतरी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं, आणखी दोघांनी साथ दिली, मग तो आवाज आपोआप बंद पडला.

"अभिनंदन, एवाल्ड," नोर्बर्ट म्हणाला. "तुझे तास कायम. बस तू."

एवाल्ड बसला. एवढे दिवस या एका वाक्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि आता ते वाक्य त्याला कुठेच ठेवता येईना. माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. मघाशीही बघत नव्हती, पण मघाशी तो निदान निर्दोष होता. उन्हाळी सहलीत सॉसेज कोणाकडून घ्यायचं यावर चर्चा सुरू झाली आणि सगळ्यांनी तिच्यात जीव ओतून भाग घेतला. मध्यंतरात कुठे बघावं ते न कळून लोकांनी आग्नेसचा केक संपवला, चुरासुद्धा ठेवला नाही.

सभा संपल्यावर ती दोघं गाडीशी आली. एवाल्डने तिचा पट्टा लावून दिला, वॉकर डिकीत घातला, संगणक मागच्या सीटवर ठेवला. चर्चच्या आवारातून गाडी बाहेर काढल्यावर तो म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

"जीभ… गेली होती," आग्नेस म्हणाली. "कान… नव्हते गेले."

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"तू… सांगत होतास ना. सगळ्यांना. माझ्या… समोर. मी बघत होते… किती दिवस… सांगतोस."

चौकातला दिवा लाल झाला, हिरवा झाला. "आणि आज? आज मला वाचवलंस कशाला?"

"ते तुला… खोटा म्हणत होते. त्यात… तू खरा आहेस." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते… वाचवणं… नव्हतं."

घराकडचं वळण आलं. त्याने वेग कमी केला.

"घरी… नको," आग्नेस म्हणाली. "लिओबाकडे… सोड."

"पाडरबोर्नला? आत्ता? किती दिवसांसाठी?"

ती काही बोलली नाही. तिला शब्द सापडत नाही म्हणून गप्प आहे, की शब्द सापडूनही गप्प आहे, हे चार वर्षं तिच्या शेजारी राहून त्याला ओळखता येत नव्हतं. पहिल्यांदाच त्याला या गोष्टीची लाज वाटली.

"बरं," तो म्हणाला. "जाऊ. पण वाटेत कुठेतरी थांबू या. कॉफी घेऊ. बोलू आपण, आग्नेस. मला सांगायचंय तुला…"

"नको," ती म्हणाली. "थांबू… नकोस. तुला… न थांबता… जाता येतं."

एवाल्डने वळायचा दिवा लावला आणि गाडी महामार्गाकडे वळवली.